सकाळी पुसलं, संध्याकाळी पुन्हा थर : घरातली धूळ कमी करायची तर आधी ती कुठून येते ते बघा

तक्रार सगळीकडे साधारण सारखीच असते. टीव्हीच्या टेबलावर सकाळी फडकं मारलं, संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. अनवाणी चाललं की पायाखाली कचकच लागते. पावसाळ्याचे चार महिने जरा सुखाचे जातात, दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तर विचारूच नका. पुणे परिसरात बाणेर, बालेवाडी, वाकड, खराडी, वाघोली, उंड्री, जिथे शेजारच्या प्लॉटला बांधकामाचे पत्रे लागलेत तिथे हे हमखास. पण पेठांमध्येही जुना वाडा पाडून इमारत उठत असेल तर त्या गल्लीतली परिस्थिती काही वेगळी नसते.

यावर बहुतेक घरांत उपाय एकच : पुसणं वाढवायचं. "अहो, मी दिवसातून दोनदा पुसते, तरी बघा," असं आमच्या शेजारच्या काकू म्हणतात आणि त्या खरंच पुसतात. पण धूळ येते तेवढीच येत राहते, कारण ती ज्या फटीतून आत शिरते ती फट कोणी बघितलेलीच नसते. एका घरात धुळीची मुख्य कारणं एक किंवा दोनच असतात. ती सापडली की निम्मं काम झालं.

आधी रंग बघा

स्टीलच्या चार ताटल्या स्वच्छ पुसून कोरड्या करा. एक रस्त्याकडच्या किंवा साइटकडच्या खिडकीजवळ, एक हॉलच्या मधोमध, एक खिडक्या बंद ठेवलेल्या बेडरूममध्ये आणि एक कपाटावर ठेवा. दोन दिवस हात लावू नका. मग प्रत्येक ताटली ओल्या पांढऱ्या कापसाने पुसा आणि ते बोळे शेजारी शेजारी मांडा.

फिकट राखाडी, बोटांत चोळल्यावर खरखरीत लागणारी धूळ म्हणजे सिमेंट आणि दगडाचा चुरा. हल्ली बांधकामात नदीची वाळू जवळपास दिसत नाही. आपला काळा दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात आणि तिच्यात बारीक पूड भरपूर असते. तांबूस-तपकिरी छटा असेल तर जवळ पाया खणणं चालू आहे, मुरूम उडतोय. काळी, तेलकट, कापसावर ओघळासारखी पसरणारी असेल तर वाहनांचा धूर, टायरचा चुरा, शेकोट्या, नाहीतर घरातलीच उदबत्ती. आणि मऊ, करडी, धाग्यांची, जी पलंगाखाली गोळे होऊन फिरते, तिचा बाहेरच्या रस्त्याशी फारसा संबंध नाही. ती घरातच तयार होते : कपड्यांचे तंतू, केस, कातडीचे सूक्ष्म पापुद्रे.

खिडकीजवळचा बोळा काळाकुट्ट आणि बंद खोलीतला जवळपास पांढरा असेल तर शत्रू बाहेरचा. चारही बोळे सारखेच मळलेले असतील तर घरातल्या घरात काहीतरी धूळ उडवतंय, बहुतेक वेळा झाडू किंवा पंखा.

खिडकी बंद आहे, तरी धूळ येते

हे बहुतेकांना पटत नाही, म्हणून स्वतः करून बघा. दुपारी वारा सुटलेला असताना स्लायडिंग खिडकी पूर्ण बंद करा, पंखे बंद करा आणि पेटलेली उदबत्ती काचांच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जातोय तिथे काही नाही. जिथे तो एकदम खोलीच्या आत वाकतो, तिथून हवा येतेय. दोन काचा मधोमध जिथे एकमेकींवर येतात ती उभी फट आणि खालच्या ट्रॅकचे कोपरे, या दोन जागी धूर हमखास वाकतो. पडदा आधी बाजूला बांधून ठेवा, हे सांगायला नको.

त्या उभ्या फटीत आणि चौकटीच्या खाचेत केसाळ पट्टी बसवलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारे तिला वूल पाइल म्हणतात, कोणी नुसतं ब्रश म्हणतं. नवी असताना तिचे केस उभे आणि दाट असतात. उन्हाने ती कडक होते, झिजते, केस आडवे पडतात आणि काही ठिकाणी ती खाचेतून सरकून वरच्या बाजूला एक-दोन इंच पट्टी उरतच नाही. खिडकीचं पल्लं उचलून बाहेर काढलं की हे डोळ्यांनी दिसतं. ही पट्टी अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात मीटरवर मिळते. मात्र जाण्याआधी जुन्या पट्टीचा तुकडा कापून बरोबर न्या, कारण खाचेची रुंदी आणि केसांची उंची जुळली नाही तर एक तर खिडकी सरकत नाही, नाहीतर फट तशीच राहते. बसवणारा माणूस एका खिडकीसाठी यायला नाक मुरडतो, तेव्हा मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी मिळून बोलवावं.

काचेभोवतीचं रबर आकसून कोपऱ्यात उघडं पडलं असेल तर तेही बदला. चौकट आणि भिंत यांच्यात चिरा असतील तर बाहेरून सिलिकॉन भरून घ्या. पण खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने जी लहान भोकं असतात ती कधीही बुजवू नका. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. ती बंद केली की जुलैमध्ये पाणी आत येतं.

मच्छरदाणीच्या जाळीबद्दल एक गैरसमज आहे. जाळी धूळ अडवत नाही. काही धूळ तिच्यावर चिकटून बसते आणि वाऱ्याच्या पुढच्या झोताबरोबर आत झडते. म्हणून जाळी महिन्याकाठी काढून बाथरूममध्ये साबणाच्या पाण्याने धुवा. साइट शेजारी असेल तर दर आठवड्याला.

"आम्ही अकराव्या मजल्यावर आहोत, तरी एवढी धूळ?" हा प्रश्न नेहमीचा. जाड धूळ वर कमी पोचते हे खरं, पण बारीक पूड पोचते. शिवाय उंचावर वाऱ्याचा जोर जास्त असतो, त्यामुळे त्याच फटीतून खालच्या मजल्यापेक्षा जास्त हवा आत ढकलली जाते.

चिमणी बाहेर फेकते ती हवा येते कुठून?

हा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

स्वयंपाकघरातली पाइप बाहेर काढलेली चिमणी तासाला १००० ते १२०० घनमीटर हवा ओढते असं तिच्या खोक्यावर छापलेलं असतं. ७०० चौरस फूट कार्पेटचं घर, छत साडेनऊ फूट, म्हणजे घरात एकूण हवा सुमारे १९० घनमीटर. लांब पाइप आणि वळणांमुळे चिमणी छापलेल्या आकड्याच्या निम्मीच ओढते असं धरलं, तरी वीस-पंचवीस मिनिटांत अख्ख्या घरातल्या हवेइतकी हवा बाहेर जाते. तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. सगळ्या खिडक्या बंद असतील तर ती त्या झिजलेल्या ब्रशमधून, मुख्य दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या लूव्हरमधून येते. वारा पश्चिमेचा असेल आणि साइटही पश्चिमेलाच असेल, तर तिकडूनच सगळ्यात जास्त.

म्हणजे धूळ नको म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या आणि पोळ्या होईपर्यंत तासभर चिमणी चालू ठेवायची, यात आपणच धूळ आत ओढून घेत असतो. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू राहिला तर तेच, फक्त कमी प्रमाणात.

उपाय अगदी साधा आहे. चिमणी चालू करण्याआधी घराच्या स्वच्छ बाजूची एक खिडकी चार बोटं उघडा. स्वच्छ बाजू म्हणजे रस्ता आणि साइट यांच्या उलट, सोसायटीच्या आतल्या बागेकडची वगैरे. शेगडीच्या अगदी शेजारची खिडकी मात्र नको. तिथून आलेला झोत धूर चिमणीत जाण्याआधीच बाजूला ढकलतो. ड्राय बाल्कनीचं दार उघडायचं असेल तर चिमणीचा पाइप तिथेच सोडलेला नाही ना, ते बघून घ्या. ज्या चिमणीला पाइपच नाही, जी कोळशाच्या फिल्टरमधून हवा पुन्हा घरातच सोडते, तिला हे लागू नाही.

मुख्य दाराच्या फटीसाठी दाराच्या खालच्या कडेला लावायची रबराची किंवा ब्रशची पट्टी मिळते. लिफ्टच्या लॉबीतली आणि जिन्यातली धूळ त्याने बरीच अडते. दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं आणि आत सुती, अशी दोन ठेवा. चपलांचं कपाट बाहेर ठेवायला सोसायटी नाही म्हणत असेल तर ते दाराला अगदी लागून ठेवा आणि आतला तळ आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. चपला काढतो आपण सगळेच, पण त्या कपाटाचा तळ कोणी बघत नाही.

खिडक्या उघडायच्या कधी

कायम बंद ठेवून चालत नाही. घर कोंदतं, पावसाळ्यात बुरशी येते. मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. त्या वेळी पश्चिमेच्या खिडक्या लावा आणि उलट बाजूच्या उघडा. वळवाच्या आधी जे वादळ येतं ते पाच मिनिटांत आठवड्याची धूळ घरात आणून टाकतं, तेव्हा आभाळ भरून आलं की आधी खिडक्या. हिवाळ्यात पहाटेची हवा ताजी वाटते खरी, पण थंडीमुळे धूर जमिनीलगत अडकून राहतो आणि गल्लीच्या टोकाला कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. ऊन चांगलं वर आल्यावर उघडलेलं बरं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या 'सफर' या हवेचं प्रदूषण मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे इंटरनेटवर बघता येतात. पीएम-१०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगणारे कण, यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या बराच वर असेल त्या दिवशी साइटकडची बाजू उघडू नका.

उन्हाळ्यात खिडकीत कूलर लावत असाल तर तो बाहेरचीच हवा आत फेकतो हे लक्षात असू द्या. साइटच्या बाजूला लावू नका आणि पॅड धूत राहा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, पण त्याची जाळी दोन आठवड्यांनी धुवावी.

पलंगाखालचे गोळे

करड्या मऊ धुळीचं मूळ अंथरुणात. जुनी कापसाची गादी, पिंजलेल्या गोधड्या, टॉवेल, लोकरीची पांघरुणं. गोधडी आजीची असेल तर टाकवत नाही, पण तिला नवं सुती आवरण शिवून घ्या, तंतू झडणं निम्म्याहून कमी होतं. चादरी खोलीत झटकायच्या नाहीत. चारही कोपरे आत घेऊन गुंडाळायची आणि तशीच मशीनमध्ये टाकायची. घरात कोणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुळीतले सूक्ष्म किडे त्याने मरतात, थंड पाण्याने नुसते अंघोळ करतात. सॉफ्ट टॉइज आणि सोफ्यावरच्या शोभेच्या उशा निम्म्या कमी करा. कोणाला काही फरक पडत नाही.

पांढरी पूड : हिची कारणं निराळी

भिंतीच्या कडेने पांढरी पूड पडत असेल तर भिंतीवर तळहात घासून बघा. हात पांढरा झाला तर जुना डिस्टेंपर सुटतोय, तिथे पुसून उपयोग नाही, घासून रंग द्यावा लागेल. भिंतीला फुगारे आणि खारट पांढरे फुलोरे असतील तर लोणा लागलाय, म्हणजे आधी ओल शोधा. लाकडी कपाटाखाली पिवळसर भुशाची छोटी ढिगोळी रोज त्याच जागी दिसली तर लाकडाला भुंगा लागलाय, त्याला औषध मारून घ्यावं लागतं. दारातली रांगोळी पायाला लागून आत येते, सणाच्या दिवसांत विशेष.

आणि एक नवीन कारण : बाळाच्या खोलीतला ह्युमिडिफायर. वाफ न करता कंपनाने पाण्याचे तुषार उडवणारा प्रकार असेल आणि त्यात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी घालत असाल, तर पाण्यातले क्षार हवेत उडून सगळ्या फर्निचरवर पांढरी साय बसवतात. त्यात आरओचं पाणी घाला. दोन दिवसांत फरक दिसतो.

केर काढण्याचा क्रम

क्रम चुकला की धूळ घराबाहेर न जाता खोल्या बदलते. आधी वरचं : जळमटं, पंखे, कपाटांचे माथे. मग टेबलं-खिडक्या, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्याला उशीचा जुना अभ्रा चढवून ओढला की सगळी काजळी अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही. केर काढताना पंखा बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. पण केर झाल्या झाल्या पंखा लावतात. दहा मायक्रॉनचा दगडी कण काही मिनिटांत खाली बसतो, एक मायक्रॉनचा स्थिर हवेतही कित्येक तास तरंगत राहतो. म्हणून केर आणि फरशी पुसणं यात पाऊण तास जाऊ द्या आणि नंतर फर्निचरवर बसलेली बारीक धूळ पुन्हा एकदा पुसायची ती त्या दिवशी संध्याकाळी.

मावशींची घाई असते, त्यांना अजून चार घरं करायची असतात. तेव्हा त्यांना हा पाऊण तास मागू नका. त्यांना फक्त ओल्या कापडाने फरशी पुसायला सांगा आणि केर आदल्या रात्री घरच्यांनी काढा. पाणी मात्र दर दोन खोल्यांनी बदलायला हवं. एकाच बादलीत सगळं घर पुसलं तर शेवटच्या खोलीत पातळ चिखल पसरतो आणि वाळला की त्याचीच धूळ. फिनाइल किंवा साबण जास्त टाकला तरी फरशी चिकट राहते आणि पायांची धूळ धरते. बुचभर पुरतं.

फर्निचरवर कोरडं फडकं मारणं बंद करा. नुसती धूळ उडते आणि दगडी पूड असेल तर टीव्हीच्या स्क्रीनवर, चष्म्यावर ओरखडे उठतात. मायक्रोफायबरचं कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून वापरा.

नव्या फुलझाडूचा भुसा हे एक वेगळंच दुखणं. कितीतरी दिवस झाडू केर काढतो की टाकतो ते कळत नाही. आणल्यावर बाहेर जिन्यात किंवा गच्चीवर आपटा, जुन्या कंगव्याने विंचरा, मग पाण्यातून काढून उन्हात उलटा टांगून पूर्ण वाळवा आणि मगच घरात घ्या.

व्हॅक्यूम क्लीनर घेत असाल तर त्याची मागून निघणारी हवा हेपा फिल्टरमधून (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) जाते का ते विचारा. नाहीतर जाड धूळ पिशवीत आणि बारीक पूड पुन्हा हवेत.

स्वयंपाकघरातली धूळ चिकट असते कारण फोडणीचं तेल तिच्यात मिसळतं. कोमट पाणी, धुण्याचा सोडा, थोडा भांड्यांचा साबण. फ्रिजच्या माथ्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरून ठेवलं तर पुसायचा प्रश्नच येत नाही. मात्र फ्रिजच्या मागची-बाजूची हवा अडवू नका.

डक्टमध्ये किंवा एसीच्या युनिटखाली पारवे बसत असतील तर त्यांची वाळलेली विष्ठा कोरडी खरवडू नका. ती पूड फुप्फुसांना खरोखर घातक आहे. मास्क लावा, पाणी शिंपडून भिजवा, मग काढा आणि जागेला जाळी मारून घ्या.

एअर प्युरिफायर घ्यावा का?

हे सगळं झाल्यावर. आधी नाही. प्युरिफायर तरंगणारी धूळ पकडतो, टेबलावर बसलेली नाही. फटी तशाच ठेवून हॉलमध्ये लावला तर तो बिचारा पुणे शहराची हवा शुद्ध करत बसतो. घ्यायचाच तर बेडरूमसाठी, दार-खिडकी लावून. हिशेब असा : १२० चौरस फुटांची खोली, दहा फूट उंची, म्हणजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १७० घनमीटर लागतात. खोक्यावर 'सीएडीआर' नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो, तो निदान एवढा हवा. बदलायचा फिल्टर कितीला पडतो ते आधी विचारा, खरा खर्च तो आहे. कुंड्यांतली झाडं धूळ शोषतात हे मात्र सोडून द्या. पानांवर धूळ बसते एवढंच, आणि तीही पुसावी लागते.

साइटवाल्यांचं काय?

मोठ्या बांधकामांवर नियम आहेत आणि ते बिल्डरला ठाऊक असतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २५ जानेवारी २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेत धूळ रोखण्याच्या अटी घातल्या आहेत. इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त दहा मीटर, इतका वारारोधक आडोसा हवा. माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. पाणी मारायची सोय हवी. उघड्यावर दगड-फरशी कापायची नाही. साइटकडे येणारा रस्ता डांबरी हवा आणि हे उपाय लिहिलेला फलक दर्शनी भागात लावलेला हवा. प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांसाठी हे आहे आणि २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत पुण्याचं नाव आहेच.

एकट्याने भांडायला जाऊ नका. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यात यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टी होत नाहीत ते लिहा आणि तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा. "फार धूळ येते हो" या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. "डंपर ताडपत्रीशिवाय बाहेर पडतो, चाकं धुतली जात नाहीत, वाळूचा ढीग उघडा आहे" याला द्यावं लागतं. साइट इंजिनियरने आठवडाभरात काही केलं नाही तर तेच पत्र आणि तेच फोटो महापालिकेकडे : पुण्यात 'पीएमसी केअर', पिंपरी-चिंचवडमध्ये 'सारथी'. तक्रारीचा क्रमांक सोसायटीच्या वहीत लिहून ठेवा, दुसऱ्यांदा तक्रार करताना तो लागतो.